बाई आली नाही, पोराला ताप आला, गॅस संपला... घराची तयारी आधीच कशी करून ठेवायची

गेल्या वर्षी जुलैमध्ये नवरा ऑफिसच्या कामाने नागपूरला निघाला आणि नेमका त्याच रात्री धाकट्याला ताप चढला. रात्री एक वाजता थर्मामीटर लावला तर 102. औषधांच्या डब्यात तापाच्या सिरपच्या दोन बाटल्या, दोन्ही एकाच कंपनीच्या, रंग तोच, झाकण तेच, फक्त एकीवर 5 मिलीमध्ये 120 मिलिग्रॅम लिहिलेलं आणि दुसरीवर 250. डॉक्टरांनी मागच्या वेळी पाच मिली सांगितलं होतं एवढं मला आठवत होतं, पण कुठल्या बाटलीतलं ते फक्त नवऱ्याला माहीत, कारण तेव्हा दवाखान्यात तो घेऊन गेला होता, डॉक्टरांचा कागद त्याच्या बॅगेत, तो रात्रीच्या ट्रेनमध्ये आणि फोन लागत नाही. शेवटी शेजारच्या काकूंच्या मुलीला उठवलं, ती फार्मसीत काम करते, तिने दोन्ही बाटल्या हातात घेतल्या आणि पहिला प्रश्न विचारला, वजन किती आहे त्याचं? मला सांगता येईना. मग मी त्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग त्याला तिच्याकडे देऊन एकटी उभी राहिले, वजाबाकी केली, 16 किलो.

पहाटे ताप उतरला, काही वाईट झालं नाही. पण त्या रात्रीनंतर मी पक्कं ठरवलं की हे असं परत होऊ द्यायचं नाही. आमच्या घरात सगळं सामान होतं हो, औषध होतं, थर्मामीटर होता, माणसंही होती. फक्त माहिती एकाच्याच डोक्यात होती आणि तो माणूस त्या वेळी घरात नव्हता. बहुतेक घरांत हेच होतं, अर्धं घर बायकोच्या डोक्यात, थोडं नवऱ्याच्या, थोडं सासूबाईंच्या, आणि ज्याला ऐनवेळी निस्तरायचंय त्याला काहीच माहीत नसतं. म्हणून खाली जे काही सांगतेय त्याचं मूळ एकच आहे, डोक्यात आहे ते बाहेर काढून घरातल्या सगळ्यांना दिसेल असं ठेवायचं. आम्ही पुण्यात राहतो, आम्ही दोघं नोकरी करणारे, दोन मुलं, आई आणि अण्णा म्हणजे माझे सासू-सासरे, तर उदाहरणं आमच्या घरातलीच आहेत, तुम्ही तुमच्याप्रमाणे बदलून घ्या.

आधी फक्त लिहून काढा

पहिल्याच दिवशी मोठं टाइमटेबल करायला बसू नका, ते आठवडाभर टिकतं. फ्रीजवर एक कोरा कागद लावा आणि महिनाभर ज्या ज्या दिवशी तारांबळ उडाली त्या दिवशी एकच ओळ लिहायची, तारीख आणि काय अडलं. कुणीही लिहायचं, मुलांनीसुद्धा. आमच्या लेकीने लिहिलं होतं "मंगळवार, पीटीचे पांढरे मोजे ओले". अण्णांनी लिहिलं "बीपीची गोळी संपली, दुकान बंद". महिन्याने कागद काढून बघितला तर आमच्याकडे त्याच त्या पाच गोष्टी फिरून फिरून येत होत्या: कामवाल्या मावशी न येणं, शाळेचा आयत्या वेळचा मेसेज, आजारपण, गॅस-पाणी, आणि मुलांना आणायला कोण जाणार हा प्रश्न. म्हणजे ज्याला आपण अचानक आलं म्हणतो त्यातलं बरंचसं अचानक नसतंच, ते दर महिन्याला येतं, फक्त वार वेगळा असतो.

सकाळची तयारी आदल्या रात्रीची

हे सगळ्यांना माहीत असतं त्यामुळे थोडक्यात सांगते. दप्तर, गणवेश, मोजे, पाण्याची बाटली हे रात्री दाराजवळच्या एकाच खुर्चीवर, मुलांनी स्वतः ठेवायचं. डब्याची भाजी रात्री ठरलेली आणि चिरलेली. मटकीची उसळ गुरुवारी डब्यात द्यायची असेल तर मंगळवारी सकाळी भिजत घालावी लागते, रात्री उपसून फडक्यात बांधायची, बुधवारी दिवसभर मोड येतात, म्हणजे गुरुवारचा डबा मंगळवारी सुरू होतो. म्हणून आठवड्याच्या भाज्या रविवारीच लिहून टाकते, फार तपशिलात नाही, नुसतं सोम भेंडी, मंगळ बटाटा, एवढंच.

शाळेचा रात्री नऊचा मेसेज मात्र वेगळा विषय आहे. "उद्या चार्ट पेपर, डिंक, जुनी मासिकं घेऊन यावे" असा मेसेज आला की पूर्वी नवरा स्कूटर काढून दुकानं शोधत फिरायचा. आता एक खोकं करून ठेवलंय: चार-पाच रंगांचे चार्ट पेपर, क्राफ्ट पेपर, फेव्हिकॉल, स्केचपेन, पुठ्ठे, आईस्क्रीमच्या काड्या, लोकर, मुलांचे पासपोर्ट साइझ फोटो, कव्हरचे कागद आणि लेबलं. जूनमध्ये एकदा भरायचं आणि दिवाळीच्या सुट्टीत परत बघायचं. जूनवरून आठवलं, रेनकोट आणि पावसाळी चपला मेमध्येच घालून बघा, शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात तेव्हा दुकानात आपल्या मापाचं मिळत नाही, आणि मागच्या वर्षीचा रेनकोट बाहीत आखूड झालेला असतो.

स्वयंपाकघर: भाजीवाचूनचा एक खण

एक खण असा ठेवा की घरात भाजी नाही, बाई नाही, अंगात ताकद नाही, तरी वीस-पंचवीस मिनिटांत चार माणसं जेवतील. आमच्या खणात थालीपिठाची भाजणी, कुळथाचं पीठ, बेसन, मेतकूट, जाडे पोहे, मुगाची डाळ, शेंगदाण्याचं कूट, आमसुलं आणि शेवया एवढं कायम असतं. फ्रीजरमध्ये खवलेला नारळ आणि मटार, फ्रीजमध्ये सोललेला लसूण. कुळथाचं पिठलं आणि भात यात कुणाचीच उपासमार होत नाही. पण महत्त्वाचं म्हणजे हे सगळं नवऱ्याला आणि लेकीलाही करता आलं पाहिजे, म्हणून खणाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी चार गोष्टींची कृती मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलीय, खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या, अशी. लेक सहावीत आहे, मोठं माणूस जवळ असेल तर खिचडी तिची ती लावते.

गॅसचं सांगते. नवीन सिलिंडर लावला की त्या दिवशीची तारीख खडूने सिलिंडरवर लिहायची. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, दोन-तीन वेळा तारखा बघितल्या की आपल्या घरात तो किती दिवस जातो ते कळतं, आमच्याकडे साधारण 38 ते 40 दिवस. डबल सिलिंडर असेल तर रिकामा झाला त्याच दिवशी नंबर लावायचा, उद्या नाही. आणि एक गोष्ट, जी आमची दोनदा फसली: डिलिव्हरीच्या वेळी जो कोड सांगावा लागतो तो रजिस्टर केलेल्या मोबाईलवर येतो. आमचा नंबर नवऱ्याच्या नावावर, तो मीटिंगमध्ये, सिलिंडरवाला दादा दारात उभा, अण्णांना कोड माहीत नाही, सिलिंडर परत. आता कोड आला की त्याने लगेच घरच्या ग्रुपवर टाकायचा आणि अण्णांनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवायचा हे ठरलंय. सिलिंडर घेताना सील बघा, सील काढून आतली रबरी रिंग जागेवर आहे ना तेही बघून घ्या, आणि गॅसचा वास आला तर 1906 हा नंबर चोवीस तास चालतो, तो शेगडीजवळच्या भिंतीवर लिहिलेला असू द्या. घरातल्या सगळ्यांना, मावशींनासुद्धा, दाखवून ठेवा की वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, ना चालू ना बंद, आधी रेग्युलेटर बंद, मग खिडक्या उघडायच्या, आणि फोन बाहेर जाऊन करायचा.

सिंगल सिलिंडरवाल्यांनी एक साधी इंडक्शन शेगडी ठेवावी असं माझं मत आहे, पण त्यावर तुमची कोणती भांडी चालतात ते आधीच बघा, बुडाला लोहचुंबक चिकटला तर चालतं. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही आणि हे गॅस संपल्यावर कळून उपयोग नाही.

पाणी: पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुतेक गुरुवार असतो आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने येतं. बुधवारी रात्री दोन बादल्या आणि पिण्याचं पिंप भरणं हे अण्णांचं काम, बातमी असो नसो.

मावशींची सुट्टी

याला सगळे दांडी म्हणतात, मला तो शब्द आवडत नाही. आपल्याला ऑफिसात सुट्ट्या असतात, त्यांनाही घर आहे, मुलं आहेत, गावची जत्रा आहे. आमच्या मावशी सोलापूरकडच्या, पाडव्यानंतर गावच्या जत्रेला आठ दिवस जातातच, गणपतीत दोन दिवस, मे महिन्यात भावाकडे. मी एकदा कॅलेंडर घेऊन त्यांच्याबरोबर चहा पीत बसले आणि विचारलं, मावशी, यंदा कधी कधी जाणार? त्यांनी सगळं सांगितलं, सहा वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या ठरवल्या, अट एकच, आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत फोन. तेव्हापासून न सांगता राहिल्यात त्या एकदाच, आणि तेव्हा त्यांना स्वतःलाच ताप होता.

त्या नसतील त्या दिवशी काय करायचं नाही तेही ठरवून ठेवा. आमच्याकडे त्या दिवशी फरशी पुसली जात नाही, कपडे मशीनमध्ये फक्त गणवेश, जेवण एका भांड्यातलं, आणि ज्याचं ताट त्याने घासायचं, अण्णासुद्धा घासतात. सुरुवातीला आईंना ते बघवत नसे, आता काही म्हणत नाहीत.

औषधं आणि कागद

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण इथेच आमची पाचावर धारण बसली होती.

मुलांच्या तापाच्या सिरपची घरात एकच स्ट्रेंग्थ ठेवा, दोन प्रकारच्या बाटल्या कधीच नकोत. पॅरासिटामॉलचा डोस वयावर नाही, वजनावर असतो, साधारणपणे एका वेळेला दर किलोला 15 मिलिग्रॅम, म्हणजे 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम, 250 वाल्या बाटलीतलं ते पाच मिलीच्या आसपास होतं आणि 120 वाल्यातलं दहा मिली. बघा, बाटली चुकली तर डोस निम्मा होतो नाहीतर दुप्पट. दोन डोसमध्ये किमान चार ते सहा तास आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण हे माझं वाचून देऊ नका, तुमच्या मुलांच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, ते एका मिनिटात लिहून देतात, आणि तो कागद बाटलीलाच रबरबँडने लावून ठेवा. वजन आणि तारीख त्यावर पेन्सिलने, दर तीन महिन्यांनी वजन करून बदलायचं. रात्री औषध दिलं की वेळ लिहायची, कारण दोन वाजता आई देते आणि चारला बाबा परत देतो असं होतं. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर घरी काही करत बसायचं नाही, सरळ डॉक्टर.

ओआरएसची चार पाकिटं कायम ठेवा, घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलंय का ते बघून घ्या, टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ते नव्हे. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घालायचं, अर्धं अर्धं नाही, आणि चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्यायचं.

गोळ्यांची स्ट्रिप कापताना एक सवय लावा, ज्या टोकाला नाव आणि एक्स्पायरी छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत ठेवायचं, दुसऱ्या बाजूने गोळ्या संपवत यायचं. आईंच्या डब्यात मला बिननावाचे सात तुकडे सापडले होते, सगळे टाकावे लागले. रोजच्या गोळ्या सात दिवस शिल्लक असताना आणायच्या, आमच्याकडे शेवटच्या सात गोळ्यांभोवती लाल स्केचपेनने रेघ मारतो, रेघेपाशी आलं की दुकानात जायचं.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा एक कागद करा, एकाच पानाचा: नाव, वय, रक्तगट, कोणते आजार, कोणत्या गोळ्या किती मिलिग्रॅम कधी, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचं नाव आणि फोन, आरोग्य विम्याचा नंबर. एक कपाटाच्या दारावर आतून, एक त्यांच्या पाकिटात घडी घालून, फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये. हॉस्पिटलच्या काउंटरवर घाबरलेल्या माणसाला गोळीचं नाव आठवत नाही, "ती पांढरी, छोटी" एवढंच सुचतं. 108 ॲम्ब्युलन्सचा, 112 पोलीस, आग, काहीही असो, हे दोन नंबर त्याच दारावर. घरात 70 किंवा त्यापुढच्या वयाचं कुणी असेल तर आयुष्मान भारतचं कार्ड आताच करून घ्या, ऑक्टोबर 2024 पासून या वयाच्या सगळ्यांना ते मिळतं, उत्पन्नाची अट नाही, पण आधार पडताळणी लागते, आणि कधी म्हाताऱ्या माणसांचे अंगठे उमटत नाहीत, आधारला जुना मोबाईल नंबर असतो, ही कटकट ॲडमिट असताना निस्तरणं फार जड जातं.

मुलांना कोण आणणार

शाळेत आणि व्हॅनवाल्या काकांकडे आपल्या दोघांशिवाय आणखी दोन नावं फोटोसकट देऊन ठेवा, आणि त्या दोन माणसांना विचारून द्या. आमची दोन नावं म्हणजे शेजारच्या काकू आणि माझा भाऊ. मुलांना एक फोन नंबर तोंडपाठ पाहिजे, गाण्याच्या चालीत म्हणून घेतला तर पाच वर्षांच्या मुलालाही येतो. घराची एक किल्ली काकूंकडे, त्यांची आमच्याकडे. आणि 500 रुपये सुट्टे, रोख, दाराजवळच्या डब्यात, कारण मोठ्या पावसात नेटवर्क गेलं की रिक्षावाल्याला जीपे करता येत नाही.

पैसे

वर्षातून एकदा येणारे खर्च मांडा. आमचे असे आहेत: शाळेच्या वर्षाच्या सुरुवातीचा खर्च 42,000, आरोग्य विम्याचा हप्ता 30,000, गणपती-दिवाळी 28,000, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग 8,000. एकूण 1,08,000, भागिले बारा, महिन्याला 9,000. पगार झाला की ते 9,000 आधी वेगळ्या खात्यात. एवढं केलं तरी जून महिन्यात नवरा-बायकोत होणारी निम्मी भांडणं होत नाहीत, हे अनुभवाने सांगते.

काम वाटायचं म्हणजे आख्खं काम द्यायचं

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. "मला सांगितलं असतंस तर मी केलं असतं", हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. म्हणणारा मनापासूनच म्हणतो. पण सांगणं हेच एक काम आहे ना, लक्षात ठेवणं, वेळ बघणं, आठवण करणं, झालं का विचारणं, हे सगळं बाईकडेच राहतं आणि दिसत मात्र कुणालाच नाही. म्हणून आम्ही कामं तुकड्याने वाटणं बंद केलं. औषधं नवऱ्याची म्हणजे संपलं का बघणं, आणणं, एक्स्पायरी तपासणं, वजनाचा आकडा बदलणं सगळं त्याचं, मी विचारणारही नाही. गॅस आणि लाईट बिल अण्णांचं. शाळेचं खोकं लेकीचं. आठवड्याच्या भाज्या आणि मावशींशी बोलणं माझं. आईंनी स्वतःहून सांगितलं की भाजणी-मेतकूटचा खण माझ्याकडे, मग तो त्यांचा. रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळी वीस मिनिटं सगळे बसतो, पुढच्या आठवड्यात कोण बाहेरगावी, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, एवढंच बोलायचं, जुने हिशेब काढायचे नाहीत.

सुरुवातीला चुका होतील. नवऱ्याकडून एकदा आईंची थायरॉइडची गोळी आणायची राहिली, मला दिसत होतं डबा रिकामा होत आलाय, तोंडाशी आलेले शब्द गिळायला फार कष्ट पडले. दोन दिवस आधी त्याच्याच लक्षात आलं आणि तोच धावत गेला. त्यानंतर लाल रेघेची आयडिया त्यानेच काढली.

रंगीत तालीम करा

दोन महिन्यांनी, सगळं बसलं असं वाटल्यावर, घरात जो माणूस सगळ्यात जास्त लक्षात ठेवतो त्याने दोन दिवस बाहेर जायचं. मी माहेरी गेले, शुक्रवारी सकाळी गेले ते शनिवारी रात्री आले, आणि सांगून गेले की फोन करा पण काय विचारलं ते कागदावर लिहून ठेवा. सात फोन आले. इस्त्रीवाल्याचा हिशेब कुठे आहे, धाकट्याला रात्री झोपताना कुठली चादर लागते, सोसायटीच्या पार्किंगचा फॉर्म कुणी भरायचा, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त कसं सांगायचं, अशी विचारणा. म्हणजे या सात गोष्टी अजून माझ्याच डोक्यात होत्या. त्या भिंतीवरच्या कागदावर गेल्या, निळ्या चादरीसकट. पुढच्या वेळी नवरा बाहेरगावी गेला तेव्हा मी तीनदा फोन केला, त्यातला एक इन्व्हर्टरमध्ये पाणी कुठपर्यंत भरायचं हा होता, तेही लिहून घेतलं.

तो कागद दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो, धाकट्याचं वजन आता 18 किलो लिहिलंय. कागदाशेजारी पेन दोरीने बांधून ठेवा, नाहीतर पेन शोधण्यातच लिहायचं राहून जातं.